सतरा इंची चाकं आणि नेऱ्याचा रस्ता

स्पोर्टी गाडी घेतली की माणूस सगळ्यात आधी काय बदलतो? सीट कव्हर? म्युझिक सिस्टिम? छे! चाकं. कंपनीची पंधरा इंची काढायची, सतरा इंची मॅगव्हील्स लावायची, मग गाडी कशी एकदम 'भरलेली' दिसते. माझ्या धाकट्या भावाने नुकतीच सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय घेतली. गाडी आपल्या चाकणच्या कारखान्यातली, 2022 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. घेतल्याच्या आठव्या दिवशी प्रश्न आलाच, "दादा, सतरा इंची बसवू का?"

टायर गुळगुळीत झाले होते आणि पावसाळा तोंडावर, त्यामुळे बदलायचे तर होतेच. प्रश्न एवढाच की कुठला साईझ?

आम्ही राहतो नेऱ्यात, ऑफिस हिंजवडीला. मारुंजीवरून जाणारा रोजचा रस्ता म्हणजे बांधकामांचे डंपर, रातोरात उगवलेले स्पीडब्रेकर आणि कडेला तुटलेलं डांबर. शिवाय याच गाडीतून आईला दर आठवड्याला फिजिओथेरपीला न्यायचं असतं. तिच्या कमरेला प्रत्येक खड्डा मोजता येतो. तेव्हा हा नुसता दिसण्याचा प्रश्न नव्हता. आता इंजिनिअर माणूस म्हटल्यावर एक्सेल शीट उघडणं आलंच :-)

या गाडीचा मूळ साईझ 185/60 आर 15. म्हणजे टायरची रुंदी 185 मिमी, साईडवॉलची उंची रुंदीच्या 60 टक्के आणि रिम 15 इंची. ही एक गंमतच आहे, एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! हिशोब केला तर साईडवॉल 111 मिमी आणि चाकाचा पूर्ण व्यास 603 मिमी.

भावाला हवा होता 215/40 आर 17. त्याचा व्यास जवळपास 604 मिमी. म्हणजे स्पीडोमीटरला फरक कळणारसुद्धा नाही. "बघ, बसतंय की!" भाऊ खूश. पण साईडवॉल? 86 मिमी. 25 मिमी, म्हणजे जवळजवळ इंचभर रबर आणि हवा गेली आणि त्या जागी अ‍ॅल्युमिनियम आलं. अ‍ॅल्युमिनियम दबत नाही हो. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये साईडवॉल चेचली गेली की आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगा दिसतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, फेकायचाच. आणि तो चालत्या गाडीत फुटला तर काय, ते सांगायला नको.

"पण दादा, ग्रिप वाढते ना?" वाढते. कोरड्या, गुळगुळीत रस्त्यावर वळण घेताना रुंद आणि बुटका टायर कमी लचकतो, स्टिअरिंग धारदार वाटतं. एक्सप्रेसवेवर मजा येईल, नाही म्हणत नाही. पण पावसात साचलेल्या पाण्यावरून जाताना, बाकी सगळं सारखं असेल तर, रुंद टायर आधी तरंगायला लागतो. मोठी रिम बहुधा जडही असते, आणि ते वजन सस्पेन्शनला प्रत्येक खड्ड्यात वर-खाली नाचवावं लागतं.

मोठी चाकं म्हणजेच वेग, असं वाटत असेल तर फॉर्म्युला वन बघा. 2021 पर्यंत त्या गाड्या 13 इंची रिमवर धावत होत्या! 18 इंची आल्या त्या 2022 मध्ये. जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्यांच्या सस्पेन्शनचं बरंचसं काम तोवर टायरची उंच, लवचीक साईडवॉलच करत होती.

दुसरी गोष्ट कायद्याची. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 बद्दल निकाल दिला. कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येणार नाही, असं त्याचं सार. त्यामुळे मॅन्युअलमध्ये नसलेला साईझ लावला, तर अपघातानंतर क्लेमच्या वेळी वाद व्हायला जागा राहते. ती जोखीम कशाला?

शेवटी काय केलं? साईझ तोच, 185/60 आर 15. पण ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारे चार नवे टायर. लोड इंडेक्स 84, म्हणजे एका टायरमागे 500 किलो, तेवढा आहे ना ते पाहिलं. कडेला छापलेले तारखेचे चार आकडेही वाचले (3225 म्हणजे 2025 सालचा 32वा आठवडा). दुकानात मागायला लाजू नका, आपल्या पैशाचा माल आहे. मॅगव्हील्सचे वाचलेले पैसे भावाच्या खात्यात राहिले. चेहरा थोडा पडला होता, पण पहिल्या मोठ्या पावसात ब्रेक दाबल्यावर तो स्वतःच म्हणाला, "लागते रे लगेच."

तुम्हीही टायर बदलणार असाल तर व्यास मूळच्या दोन-तीन टक्क्यांत ठेवा, लोड इंडेक्स खाली आणू नका आणि स्टेपनीचा साईझ विसरू नका. बाकी साईडवॉल किती हवी, ते शोरूममध्ये किंवा फोटो बघून ठरवू नका. तुमच्या रोजच्या रस्त्यातले सगळ्यात वाईट शंभर मीटर आठवा आणि त्यांच्यासाठी टायर घ्या.