टाचणी, छत्री आणि पावती

केबलच्या चोरीबद्दल सोलापुरात आम्ही जितक्या दंतकथा ऐकल्या, तितक्या भुतांबद्दलही ऐकल्या नसतील. शेजाऱ्याच्या वायरीत टाचणी खुपसली की सगळे चॅनल फुकट. छत्री दोन बोटं फिरवली की परदेशी सिनेमे. आणि एक पोरगा आहे, तो कार्ड ‘मारून’ देतो, मग जन्मभर रिचार्ज नको. हा पोरगा कायम पलीकडच्या गल्लीत राहायचा. त्याला बघितलेलं कुणीच नव्हतं.

टाचणीत थोडं तथ्य होतं. जुन्या अ‍ॅनालॉग केबलमध्ये वायरीतून येणाऱ्या सिग्नलला कुलूपच नसायचं. जोड मारला की चित्र यायचं, पण सिग्नल वाटला जायचा आणि दोन्ही घरांच्या पडद्यावर मुंग्या यायच्या. त्यामुळे असा चोर लगेच सापडायचा.

खरी चोरी वायरीवर नव्हतीच, वहीत होती. पैसे देऊन बघायच्या चॅनलचा एक डिकोडर केबलवाल्याच्या कंट्रोल रूममध्ये असायचा आणि तिथून तो चॅनल हजारो घरांत जायचा. वाहिनीला पैसे द्यायचे ते घरांच्या संख्येवर, आणि ती संख्या सांगणार केबलवालाच. देशभर ती कमी करून सांगितली जायची. मोजायला दुसरा मार्गच नव्हता. वर्गणीचा पैसा मधेच मुरायचा, म्हणून वाहिन्या जाहिरातींवर जगल्या. शिवाय केबलवाल्याच्या स्वतःच्या चॅनलवर नवाकोरा सिनेमा लागायचा, टॉकीजमधून उतरायच्या आधीच. आम्ही गल्लीभर पोरं तो बघायचो आणि त्याला कुणी चोरी म्हणायचं नाही.

कारण आम्ही पैसे भरत होतो की ओ! पप्पा दर महिन्याला दीडशे रुपये मोजून द्यायचे आणि पिवळी पावती खिळ्याला अडकवायचे. दिवाळीला बोनस निघाला नाही तरी केबलचे पैसे थकले नाहीत, याचा त्यांना अभिमान होता.

चोर म्हणून नाव होतं ते शेजारच्या अण्णांचं. अण्णा यंत्रमागावर कामाला, घरी बोली तेलुगू. पूर्व भागात अशी घरं पुष्कळ. त्यांच्या पत्र्यावर छत्री होती आणि बिल येत नव्हतं. “फुकट कसं येतंय ओ?” असं विचारलं की ते नुसतं हसायचे. गल्लीला तेवढा पुरावा बास होता.

ती होती दूरदर्शनची फ्री डिश. डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावानं सुरू झालेली सेवा. छत्री आणि बॉक्स एकदाच विकत घ्यायचा, महिन्याची वर्गणी नाही. पूर्णपणे कायदेशीर. अण्णांना दूरदर्शनचं तेलुगू चॅनल हवं होतं, ते त्यांना मिळत होतं.

पुढे डिजिटल केबल आली. दुसऱ्या टप्प्यातल्या 38 शहरांत सोलापूर होतं, मुदत होती 31 मार्च 2013. प्रत्येक बॉक्सला नंबर मिळाला, सिग्नलला कुलूप लागलं आणि त्या कुलपाची किल्ली काही सेकंदांनी बदलायला लागली. टाचणी आणि छत्री फिरवणं तिथंच संपलं. घरं मोजता यायला लागली.

पप्पांना मी हे सगळं एकदा समजावून सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मी तर दिले होते की रे पैसे.” त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी दिलेला पैसा पुढे कुठे गेला, हे त्या पावतीवर लिहिलेलं नव्हतं, एवढंच.

आता तो पलीकडच्या गल्लीतला पोरगा टेलिग्रामवर आलाय. वर्षाला काहीशे रुपयांत सगळे चॅनल, सगळ्या मॅचेस. यूपीआयनं पैसे घेतो, स्क्रीनशॉटही मागतो. लोक म्हणतात, फुकट थोडंच बघतोय, पैसे भरलेत. असं कुणी म्हणालं की मला खिळ्यावरच्या पिवळ्या पावत्या दिसतात. पप्पांना तेव्हा विचारायची सोय नव्हती. आपल्याला आहे.