आधी एक पान

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास चक्क हस्ताक्षरावर आहे! अक्षर वाटोळं, मोकळं असावं, ओळी नेटक्या असाव्यात, पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसावं, असं समर्थ सांगतात. अध्यात्माच्या ग्रंथात हे कशाला, असं मला वाटायचं.

उत्तर मिळालं ते तळेघरला. आई गेली त्या पावसाळ्यात मी तिथे मावशीकडे होतो. भीमाशंकरच्या वाटेवरचं गाव; झड लागली की घराबाहेर पडवत नाही. ध्यानाला बसायचो, पण डोळे मिटले की दवाखान्यातलंच सगळं समोर यायचं. मावशीने एक वही हातात दिली. म्हणाली, "रोज एक पान रामनाम लिही. बाकी काही करू नकोस."

लिहायला लागलो. मन भरकटलं की अक्षर लगेच चुगली करायचं. ओळ खाली उतरायची, काना राहून जायचा. नुसतं डोळे मिटून बसलं की मन कधी निसटलं ते कळतही नाही. इथे कागदावर दिसतं. मग रागवायचं नाही, पुढचं अक्षर नीट काढायचं. ध्यान म्हणजे तरी दुसरं काय?

वही संपली तेव्हा दुःख संपलं नव्हतं. पण दवाखान्याच्या अलीकडची, हसणारी आई आठवायला लागली होती.

असो. आता रोज आधी एक पान, मग डोळे मिटणं. तुमच्या घरी अशी वही कुणी लिहायचं का?