जुनी मोटार आणि वयाची अट

जपानी मोटारीचे सुकाणू आपल्याप्रमाणेच उजवीकडे. तरीही तिकडची जुनी मोटार इकडे सहजी येत नाही. वापरलेली मोटार तीन वर्षांहून जुनी नसावी, हा आयातीचा सर्वसाधारण नियम. आपल्याकडे जपानी धाटणी रुळली ती १९८३ मध्ये सुझुकीच्या सहकार्याने निघालेल्या मारुती ८०० मुळे. अवधपुरीत आमच्या दारी तशीच एक उभी आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण. २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी त्याचे शुल्क १०,००० रुपये झाले. शासकीय सेवेत हयात गेल्याने नियमांचा आम्हांस तिटकारा नाही. ब्रेक, धूर अवश्य तपासावेत. त्यात परक्याचा जीव गुंतलेला असतो. मात्र धडधाकट वस्तूस केवळ वयाचा भुर्दंड का? परमुलखात रुजलेली आपली घराणी जपणुकीवरच तर टिकली!