सदाशिव पेठेत कललेली घरगाडी

राज्याचे कॅरव्हॅन धोरण २०२१ साली आले, पण पेठेतल्या बोळांना ते कोण सांगणार? पेरूगेटाजवळ एक कॅरव्हॅन कललेली दिसली. तिला आपोआप समतल करणारे जॅक उतरेनात. आपली कितीतरी मुले चालक, मेकॅनिक आहेत, म्हणून लिहितो.

चालक पान्हा घेऊन खाली शिरणार, तोच गॅरेजच्या पोराने त्याला मागे ओढले. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचे नाही! हँडब्रेक अर्धाच ओढलेला होता. त्याशिवाय बहुतेक यंत्रणा चालतच नाहीत. तो ओढला, तरी मोटर नुसती गुरगुरली. बॅटरी उतरली होती. इंजिन सुरू करताच जॅक उतरले. एकाखालचा ब्लॉक खचला; जॅक वर घेऊन तिथे जाड फळी ठेवली. तेल मात्र सगळे जॅक मिटल्यावरच बघायचे, नाहीतर पातळी कमी दिसते आणि माणूस उगाच जास्त ओततो.