कुठल्या शाखेचा तक्ता?

बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला घरात कोणी काही विचारत नाही. म्हणून परवा रात्री अकराला चिरंजीव "बाबा, जागे आहात?" म्हणाले, तेव्हा पैसेच हवे असणार, असे मी धरून चाललो.

हवा होता श्रोता. सकाळी दहाला कॉलेजात प्रकल्प दाखवायचा आणि तो खोलीचे तापमान चार कोटी अंश सांगत होता. प्रोग्राम तयार व्हायचा लॅपटॉपवर, चालायचा रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या संगणकावर. याला म्हणे क्रॉस-कंपायलिंग म्हणतात. म्हणजे स्वयंपाक पुण्यात, पंगत सासवडला.

"हेडर फायलींची भानगड वाटतेय," तो म्हणाला.

हेडर म्हणजे कुठल्या फंक्शनला काय द्यायचे, कुठला आकडा किती जागेचा, याचा तक्ता. कंपायलर तो आधी आपण सांगितलेल्या फोल्डरात शोधतो, मग नेहमीच्या, म्हणजे 'यूएसआर-इन्क्लूड'मध्ये. पंचाईत अशी, की त्याच नावाचे फोल्डर लॅपटॉपवरही आणि पायवरही. आतल्या फायलींची नावेसुद्धा तीच. पण लॅपटॉपवर 'लाँग' आकडा आठ बाइटांचा, त्या 32 बिटी पायवर चारचा!

"चुकीची फाइल घेतली तर तो ओरडत नाही?"

"कधी ओरडतो. कधी गपचूप घेतो."

माझ्या पोटात गोळा आला. 2011 साली माझी पुण्याहून तालुक्याच्या गावी बदली झाली. लॉकरभाड्याचा तक्ता मी सोबत नेला होता. शहराचे भाडे वेगळे, तालुक्याचे वेगळे. पण कागद तोच, छपाई तीच, आणि संध्याकाळी हिशेब पैशापैशाने जुळायचा. महिनाभर गावाकडून पुण्याचे भाडे घेतले. ऑडिटरने धरले, मेमो मिळाला. घरी सांगितले, "ऑडिट छान झालं."

"तू कुठल्या शाखेचा तक्ता बघतोयस?" मी विचारले.

तो गप्प झाला. मग मित्राकडून उसनी आणलेली मेकफाइल उघडली. तिच्यात लॅपटॉपच्याच यूएसआर-इन्क्लूडचा पत्ता ठोकून दिलेला! तो खोडला. पायवरची फोल्डरे एका जागी उतरवून घेतली आणि कंपायलरला बजावले, की तुझे 'सिसरूट' हे. नेहमीच्या जागा यातच शोधायच्या. दोन वाजता तापमान सत्तावीस अंशांवर आले.

"बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

सांगितला मेमो. तो इतका हसला की ही जागी झाली.

"काय रे, काय झालं?"

"काही नाही आई," चिरंजीव म्हणाले, "ऑडिट छान झालं."