वाट नेमकी कुठे सुटली

पावसाळ्यात सह्याद्रीत एकटा गेलेला माणूस अंधार पडला तरी गावात उतरला नाही, की आमच्यातल्या कुणाचा तरी फोन वाजतो. दोर, हार्नेस, स्ट्रेचर जीपमध्ये असतंच, पण सुरुवातीला त्यातलं काही लागत नाही. आधी चौकशी. तो कुठून चढला, शेवटचं कुणी पाहिलं, पायात काय होतं, अंगात काय होतं, परतीची गाडी किती वाजताची होती. यातला शेवटचा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारतो. ज्याला सहाची एसटी गाठायची आहे, तो चार वाजता ढगात सापडला तरी थांबत नाही. पाय उचलतो. आणि वाट बहुतेकदा तिथेच सुटते.

जुलैमध्ये घाटमाथ्यावर आपल्याला वेढतो तो ढगच असतो आणि तो तिथल्या तिथे तयार होतो. समुद्रावरून आलेला ओला वारा कोकण ओलांडून कड्यावर आदळतो, सरळ वर चढतो, चढताना गार होतो. त्यामुळे कड्याच्या काठाशीच ढग सर्वांत दाट असतो. जिथे दोन पावलं पुढचं दिसायला हवं, तिथे स्वतःचे बूटही नीट दिसत नाहीत. एक खूण मात्र तो वाराच देतो. पावसाचे थेंब खालून वर तोंडावर यायला लागले, की कडा जवळ आला. मी तिथल्या तिथे खाली बसतो आणि बसूनच मागे सरकतो. नव्या मुलांना हे शिकवताना मी त्यांना खरोखर खाली बसायला लावतो.

हरिश्चंद्रगडाचंच घ्या. गड १४२४ मीटर उंच, ठाणे, पुणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या सीमेवर. खिरेश्वरहून निघालं की तोलार खिंडीतल्या व्याघ्रशिल्पापर्यंत आणि पुढे रेलिंग लावलेल्या कातळटप्प्यापर्यंत फारसं चुकायला होत नाही. खरा घोळ त्याच्या वर आहे. तिथून मंदिरापर्यंत एकामागून एक टेकाडं, मध्ये झाडी, मध्ये उघडा कातळ. कातळावर पायवाट उमटत नाही. मातीवर उमटते, पण पावसाळ्यात गवत वाढलं की माणसांच्या वाटेपेक्षा गुरांची वाट जास्त मळलेली दिसते. ढोरवाट चराईपर्यंत जाते, तिथे तिला चार फाटे फुटतात आणि ती विरते. तोवर माणूस वाटेपासून बराच लांब आलेला असतो, आणि तरीही आपण वाटेवरच आहोत अशी त्याची खात्री असते.

सापडलेल्या माणसाच्या पोटात चहा गेला, अंगावर कोरडं काही आलं, की मी त्याला विचारतो, वाट चुकलीय हे कधी कळलं? आधी उत्तर येतं, अंधार पडल्यावर. जरा वेळाने म्हणतो, नाही, त्याच्या आधी एक ओढा लागला, तो येताना लागला नव्हता. आणखी जरा वेळाने आठवतं, ओढ्याच्याही आधी दगडांवरचे बाण दिसायचे थांबले होते. शेवटचा बाण आणि अंधार यांच्यामध्ये तीन-तीन तास गेलेले असतात. एवढा वेळ तो काय करत होता? स्वतःची समजूत घालत होता. पावसाने नवा ओढा वाहायला लागला असेल. बाण धुऊन गेले असतील. सह्याद्रीत जुलैमध्ये या दोन्ही गोष्टी खरोखर घडतात, म्हणून तर ही समजूत पटते. चौघांत असता तर कुणीतरी म्हणालंच असतं, ‘अरे, हा ओढा आला नव्हता!’ एकट्याच्या मनातही ही शंका येते, पण तिला तोंड नसतं.

गावातली म्हातारी माणसं म्हणतात, चकवा लागला. एकाच झाडाखाली माणूस पुन्हा पुन्हा येतो. त्यांचं मी कधी हसण्यावारी नेलं नाही. जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान सौमन आणि सहकाऱ्यांनी माणसांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगून त्यांचा माग जीपीएसवर टिपला होता. ते संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. सूर्य दिसत होता तेव्हा जंगलात माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरलेलं होतं तेव्हा गोल फिरली आणि आपलीच वाट ओलांडली तरी त्यांना कळलं नाही. चकव्यावर जुन्या लोकांकडून ऐकलेला उपायही मला आमच्या कामाचा वाटतो: उजाडेपर्यंत एका जागी बसून राहायचं.

पण बसवत नाही, आणि सह्याद्रीत यातूनच जीव जातात. वाट चुकलेला माणूस उताराला लागतो. पाणी गावाकडे जातं, हे त्याने कुठेतरी ऐकलेलं असतं. ढग क्षणभर फाटला तर खाली कोकणातले दिवेही दिसतात, अगदी पायाशी असल्यासारखे. आपले डोंगर मात्र लाव्ह्याच्या आडव्या थरांचे आहेत. एक थर सौम्य उताराचा, पुढचा ताशीव. पदर, मग कडा, पुन्हा पदर, पुन्हा कडा. ओढा पदरावर शांत वाहतो आणि कड्यावरून उडी घेतो. त्याच्या मागे जाणारा माणूस पुरुषभर उंचीचा एक टप्पा कसाबसा घसरत उतरतो. पुढे धबधब्याचं तोंड. मागे वळतो, तर ओल्या, शेवाळलेल्या कातळावर तो टप्पा परत चढता येत नाही. ओढ्याकाठाने खाली जा, हा सल्ला इथे कुणी कुणाला देऊ नये. मी हे जिथे संधी मिळेल तिथे सांगतो.

आम्ही शोधतो तेही म्हणून ओढ्यांची तोंडं धरून. एका शोधात रात्रभर वाटेच्या दोन्ही अंगांना फिरून हाती काही लागलं नव्हतं. पहाटे गावातले एक मामा आले. त्यांनी नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. बरोबरच्या पोराला विचारलं, ‘काल गुरं कुठल्या अंगाला होती रे?’ पोराने हात केला तिकडे आम्ही निघालो. ताज्या ढोरवाटेने चराईपर्यंत, तिथून लागलेल्या पहिल्या ओढ्याने खाली. दुसऱ्या पदरावर, कारवीच्या झुडपात तो बसलेला होता. शुद्धीवर होता, पण शब्द जड येत होते आणि जॅकेटची चेन त्याला लावता येत नव्हती. अंगाचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की असं होतं, आणि त्याला बर्फ लागत नाही. भिजलेला सुती टीशर्ट आणि रात्रभरचा वारा पुरतो. त्या अवस्थेत घेतलेला निर्णयही जड जिभेसारखाच अडखळतो. अंधारात अजून एक टप्पा उतरून पाहू, हा विचार त्याच्याही मनात येऊन गेला होता.

त्याच्याकडे शिट्टी नव्हती. धबधब्यांच्या आवाजात माणसाची हाक फार लांब पोहोचत नाही, घसाही लवकर बसतो. शिट्टी पोहोचते. मिनिटाभरात सहा वेळा, मग एक मिनिट गप्प, मग पुन्हा सहा. उत्तर म्हणून मिनिटाला तीन. ते गप्प मिनिट पाळणं आमच्याच पोरांना जड जातं. सगळ्यांना हाका मारायच्या असतात.

पावसाळ्यात एकटं जाऊच नये, असं मी म्हणणार नाही. मी स्वतः जातो. गच्च ढगात, सोबत कुणी नसताना चाललेलं पठार मला इतर कशाहून प्रिय आहे. मात्र मी मोठ्याने बोलत चालतो. प्रत्येक फाट्यावर मागे वळून, परतताना काय दिसेल ते उच्चारतो: डावीकडे वाकडं जांभूळ, त्याखाली धोंडा. गावात ज्या घरी चहा घेतो तिथे परतीची वाट आणि वेळ सांगून ठेवतो. आणि आधी न लागलेला ओढा समोर आला, तर तेही मोठ्याने म्हणतो, ‘हा ओढा येताना नव्हता.’ एकदा असं कानावर पडलं की समजूत घालता येत नाही. मग ओढा ओलांडायचा नाही. चढ कितीही असो, शेवटचा बाण दिसेपर्यंत परत जायचं.