तेरियाकीची चकाकी आणि भिवंडीची खळ

ठाण्याच्या बाळकुम नाक्यावरून जुन्या आग्रा रस्त्याने तुम्ही भिवंडीकडे निघालात, की कशेळीचा खाडीपूल ओलांडताच रस्त्याचा नूर पालटतो. काल्हेर, कोपर, पूर्णा, राहनाळ अशी गावे एकापाठोपाठ येतात. पण एक कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले, हे पाटी वाचल्यावाचून कळत नाही. पूर्वी जेथे भाताची खाचरे होती, तेथे आज दुतर्फा गोदामे उभी आहेत. मुंबई-ठाण्याच्या घरांत पोहोचणाऱ्या कितीतरी वस्तू आधी येथे उतरतात आणि मग तुमच्या दारची घंटा वाजवतात. तुमच्या ओट्यावरचा एअर फ्रायरदेखील कदाचित एखादी रात्र येथेच मुक्काम करून आला असेल.

अंजूर फाट्यावरून शहरात शिरलात, की डोळ्यांआधी कान सांगतात की भिवंडी आली. यंत्रमागांची ती अखंड खटखट! उत्तर प्रदेशातून आलेले विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, येथले मूळचे आगरी आणि कोकणी मुसलमान अशा अनेकांच्या हातांनी हे कापडाचे गाव उभे केले आहे. साहजिकच येथल्या चुलीही अनेक आहेत. एका गल्लीत भट्टीवरची कोंबडी, दुसरीत आगरी पद्धतीचा झणझणीत रस्सा. अशा गावात जपानी तेरियाकीचे काय काम, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते.

माझी आत्तेबहीण या शहरात राहते. दाजी एका सायझिंगच्या कारखान्यात हिशेब सांभाळतात. सायझिंग म्हणजे ताण्याच्या सुताला खळ देणे. मागावर सूत सतत ओढले जाते, घासले जाते. खळ नसेल तर ते तुटते. खळ नेमकी बसली तर सूत गुळगुळीत होते, विणकराचा हात अडत नाही. पण ती जास्त झाली तर सूत ताठर आणि ठिसूळ बनते. दाजी ही गोष्ट फार तन्मयतेने सांगतात. तिचा आपल्या विषयाशी काय संबंध, हे पुढे कळेल.

मागच्या वर्षी दाजींचा रक्तदाब वाढलेला आढळला. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. तेल आणि मीठ कमी करण्यास सांगितले. घरात तळण फार. ताईने मनावर घेतले, एअर फ्रायर आणला आणि कढई माळ्यावर टाकली. भाचीने कोठेतरी पाहून तेरियाकी चिकन करायला शिकवले. तेलाचा थेंब नाही आणि चव अशी की दाजी दोन घास जास्त खात. आठवड्यातून तीनदा तो बेत होऊ लागला. तीन महिन्यांनी तपासणी झाली, तर रक्तदाब होता तेथेच. ताईचा चेहरा पडला. ती मला म्हणाली, “तेलाचा एक चमचासुद्धा घालत नाही गं मी. आता आणखी काय सोडायचं?”

मी सॉसची बाटली फिरवून तिच्या पाठीवरचा तक्ता वाचला आणि उत्तर सापडले.

वाचकहो, आधी यंत्र समजून घेऊ. २०१० साली फिलिप्स कंपनीने एअर फ्रायर बाजारात आणला, तेव्हापासून हे नाव घरोघर पोहोचले. नावात तळणे असले तरी हे यंत्र तळत नाही. वर तापणारी तार, तिच्यालगत पंखा आणि खाली जाळीची टोपली, एवढीच त्याची रचना. पंखा गरम हवा पदार्थाभोवती वेगाने फिरवतो. पृष्ठभागावरचे पाणी उडते आणि तेथे खरपूस थर येतो. म्हणजे ही एक छोटी, वेगवान भट्टीच होय. तळणाचे तेल वाचते, हा तिचा खरा गुण. परंतु पदार्थात तुम्ही घातलेले मीठ आणि साखर ती कमी करू शकत नाही.

आता पदार्थ पाहू. जपानी भाषेत ‘तेरी’ म्हणजे चकाकी आणि ‘याकी’ म्हणजे विस्तवावर भाजलेले. सोया सॉस, साखर, मिरिन आणि साके यांचा रस आटवून भाजलेल्या पदार्थावर चढवला, की त्याला लखलखीत लेप येतो. जपानात ही पद्धत प्रामुख्याने माशांसाठी वापरली जाते. कोंबडीच्या तेरियाकीला परदेशी लोकप्रियता मिळाली ती स्थलांतरितांमुळे. तोशिहिरो कासाहारा यांनी १९७६ साली अमेरिकेतील सिएटलमध्ये काढलेले साधे उपाहारगृह त्या शहरातील तेरियाकीच्या लाटेचा आरंभ मानले जाते. मिरिन आणि साके ही दोन्ही तांदळापासून बनतात आणि दोन्हींत मद्यार्क असतो. भिवंडीतील बहुसंख्य घरांना तो चालणार नाही. त्याची अडचण नाही. थोडा गूळ आणि थोडे व्हिनेगर यांवर काम उत्तम भागते.

खरी अडचण सोया सॉसची. साध्या सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे सुमारे १५ मिलिलिटरमध्ये, साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ व्यक्तीच्या पोटात दिवसभरात २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम जावे. हे प्रमाण ५ ग्रॅम मिठाएवढे, जेमतेम एका लहान चमच्याएवढे होते. ताई तिघांसाठी सोया सॉसचे पाच मोठे चमचे घालीत होती. हिशेब सोपा आहे: ४५०० मिलिग्रॅम, म्हणजे माणशी १५००. दिवसभराच्या मर्यादेचा तीन चतुर्थांश भाग एका पदार्थातच संपत होता. शिवाय कोंबडीला मीठ वेगळे चोळलेले असे, ते निराळेच.

हे ऐकून दाजी क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे खळ जास्त झाली.”

इतक्या नेमक्या शब्दांत मला ते सांगता आले नसते. त्या दुपारी आम्ही तिघांनी मिळून खळ मोजून दिली. ती कृती अशी.

साहित्य (तिघांसाठी): मांडीचे बिनहाडाचे चिकन ५०० ग्रॅम, सोया सॉस २ मोठे चमचे, किसलेला गूळ १ मोठा चमचा, व्हिनेगर २ मोठे चमचे, आले-लसणाची ताजी गोळी १ मोठा चमचा, कॉर्नफ्लोअर १ लहान चमचा, पाणी अर्धी वाटी, तेल १ लहान चमचा, भाजलेले तीळ आणि पातीचा कांदा. मीठ मुळीच नाही.

कृती: चिकन नळाखाली धुऊ नका, त्याचे शिंतोडे ओट्यावर आणि भांड्यांवर उडतात व त्यांबरोबर जंतूही पसरतात. स्वच्छ कागदाने ते कोरडे टिपून घ्या, लहान तुकडे करा आणि नंतर हात व पाट साबणाने धुवा. आले-लसूण, एक चमचा सोया सॉस, एक चमचा व्हिनेगर व तेल चोळून तुकडे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

एअर फ्रायर १८० अंश सेल्सिअसवर तीन मिनिटे तापवा. तुकडे टोपलीत एकाच थरात, मध्ये फट ठेवून मांडा. गर्दी झाली तर हवा फिरत नाही आणि तुकडे भाजण्याऐवजी वाफवले जातात. दहा मिनिटांनी उलटा आणि आणखी चार-पाच मिनिटे ठेवा.

तोवर उरलेला सोया सॉस, गूळ, व्हिनेगर आणि पाणी मंद आचेवर उकळा. थोड्या थंड पाण्यात कालवलेले कॉर्नफ्लोअर घालून ढवळत राहा. रस चमच्याच्या पाठीवर लेपासारखा राहू लागला, की आच बंद करा. कच्चे चिकन ज्यात मुरले तो रस तसाच वर ओतू नका.

हा लेप शेवटीच लावायचा. गूळ आधीपासून लावला तर कोंबडी शिजण्यापूर्वीच तो करपतो; वरून काळे आणि आत कच्चे, अशी गत होते. ब्रशने लेप लावून फक्त दोन-तीन मिनिटे पुन्हा ठेवा. सर्वांत जाड तुकड्याच्या आतले तापमान ७४ अंश सेल्सिअस झाले पाहिजे. अन्नाचा तापमापक घरी असणे उत्तम. नसेल तर तुकडा कापून आत गुलाबीपणा आणि कच्चट रस उरला नाही, याची खात्री करा. वरून तीळ आणि पातीचा कांदा पेरा.

आता या पदार्थात माणशी सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम येते. सोबत साधा भात, वाफवलेली फरसबी, गाजर व कोबी आणि मीठ न घातलेली काकडीची कोशिंबीर घ्या. त्या दिवशी लोणचे आणि पापड यांना सुटी द्या.

चार गोष्टी आणखी ध्यानात ठेवा. गूळ हीदेखील साखरच आहे. घरात मधुमेह असेल तर तो अर्धा चमचा पुरे. ‘कमी सोडियम’ लिहिलेल्या सॉसमध्येही मीठ असतेच, म्हणून तोही मोजूनच घाला. बाजारातील कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे चालू असल्यास ते अपायकारक ठरू शकते, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका. आणि १५०० वॉटचा एअर फ्रायर साध्या ६ अँपिअरच्या एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका. त्याला १६ अँपिअरचा पॉइंट हवा.

यानंतर मी पुन्हा भिवंडीला गेले ती पावसाळा सरता सरता. डॉक्टरांनी दाजींच्या गोळीची मात्रा बदलली होती, ताईने घरातले मीठ मोजायला घेतले होते आणि तपासणीच्या वहीतले आकडे हळूहळू उतरत होते. श्रेय दोहोंचे होते. तेरियाकी आठवड्यातून एकदाच होत होती, पण बंद झाली नव्हती. “घरात सगळ्यांनी एकच जेवायचं, यांना वेगळं ताट नको,” हा ताईचा हट्ट तिने पुरा केला होता. मला वाटते, पथ्य टिकते ते अशाच घरांत.

निघताना गल्लीच्या तोंडाशी मागांची खटखट पुन्हा कानांवर आली. तुम्ही घरी एअर फ्रायर आणला असेल तर चांगलेच केले आहे. मात्र आज स्वयंपाकघरात जाल, तेव्हा एकदा सॉसची बाटली उलटी फिरवा आणि पाठीवरचा सोडियमचा आकडा वाचा. मग चमचा हातात घ्या.